पुरा संशय घेणारी काकी

वाडीवाल्या काकीच्या हातात तुम्ही केळं दिलंत, तर ती आधी तुमच्या तोंडाकडे बघायची, मग केळ्याकडे, आणि मग ते उलट्या टोकाने सोलायची. का म्हणून विचारलं, तर म्हणायची, "देनारा देठाकडनं बघून देतो. मी दुसरीकडनं बघते."

पापडी गावात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तिची वाडी आमच्या भिंतीला लागूनच होती. मोगरा, केळी, कुंपणाला जास्वंद. एकटीच राहायची. दूधवाल्यादेखत ती दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरायची. डॉक्टरांनी गोळी दिली की, "ही तुमच्या आयशीला द्याल काय?" असं तोंडावर विचारायची. भटजींनाही सोडलं नाही तिने. पोथी चालू असताना मधेच म्हणाली, "मागच्या वर्षी ही गोष्ट लांब होती हो!" आम्ही बायका पाठीमागे तिला संशयकाकी म्हणायचो आणि तिला ते ठाऊक होतं. "म्हना, म्हना. पन संशय घ्यायचा तर पुरा घ्यावा. अर्ध्या संशयाने मानसं मरतात."

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते बोलणं कळलं ते आमच्या कमलामुळे.

कमला माझी सून. आमचा सतीश नोकरीला गढवालात होता, तिथलीच मुलगी त्याने पसंत केली नि लग्न करून इथे घेऊन आला. गोरीपान, लाजरी, आणि बोलायला लागली की एकच विषय, तिच्या गावावरच्या जंगलातला बुरांस. आंब्याएवढं झाड म्हणे, आणि त्याला मुठीएवढे लालभडक गेंद. "काकी, नीचे बर्फ रहता है, और ऊपर पूरा जंगल लाल!" काकीने कपाळाला आठ्या घातल्या. "बर्फात फूल? माझा मोगरा नुसती थंडी पडली तर कळी धरत नाय. मला शेंडी लावते ही." कमलाने फोटो दाखवला. काकीने तो खिडकीशी नेऊन तिरपा धरून पाहिला. "फोटोत रंग मागाहून भरतात."

मग कमला सांगायला लागली, की रानात तहान लागली तर या पाकळ्या चघळतात, सरबतही करतात. पण त्याच्याही वर, पार बर्फाच्या कडेला, फिकट फुलांची त्याच जातीची झुडपं असतात, ती तोंडात घालायची नाहीत, विषारी. तेवढं ऐकलं मात्र, काकी एकदम खूश! "हे आधी सांगायचं ना गो! वाईट पन सांगते म्हनजे बाकीचं खरं असंल."

तर त्या चैत्रात काय झालं, कमलाच्या आईने सुकवलेल्या बुरांसच्या पाकळ्यांची पुडी पाठवली. त्यांच्याकडे चैत्र लागतो तोही संक्रांतीनेच, आपली तिळगुळाची ती वेगळी; त्या सकाळी लहान मुली दारोदार उंबरठ्यावर फुलं नि तांदूळ ठेवतात, त्या घराचं भलं होवो म्हणून, आणि घरची बाई मुलींना वाटीभर तांदूळ नि गूळ देते. इथे मुली कुठून आणणार? माहेरची आठवण आली असेल, पोरीने आंघोळ केली आणि स्वतःच सगळ्या मजल्यांवर उंबरठ्याशी चिमूट चिमूट ठेवून आली. मी देवपूजेत होते, मला पत्ता नाही.

तुम्हीच सांगा, सकाळी दार उघडावं आणि उंबऱ्यावर तांदूळ नि रक्तासारखं लाल काहीतरी! आपल्याकडे त्याचा अर्थ एकच. त्यातून वरच्या मजल्यावरच्या वहिनींची नात तापाने फणफणलेली. तासाभरात जिना बायकांनी भरला. "करणी केली हो तुमच्या सुनेने! पहाडातल्या बायका असल्याच असतात." कुणी म्हणालं, भगताला आणा. कुणी म्हणालं, हिला माहेरी धाडा, नाहीतर आम्ही पोलिसात जातो. कमला दाराआड उभी. सतीश म्हणाला, "आई, आम्ही आजच निघतो इथून." आणि त्याने कपाटावरची बॅग खाली काढली.

तेवढ्यात काकी आली. तिच्याही दारात फुलं होती, ती पदरात घेऊनच आली होती. मी म्हटलं, संपलं आता, हिच्याइतकं संशयी कोण? काकीने कमलाकडे पाहिलं, मग वहिनींकडे वळली.

"पोरीला ताप कधी आला?"

"चार दिवस झाले."

"आनि फुलं पडली आज. मग ताप काय फुलांच्या आधी गाडी पकडून आला?"

वहिनी चिडल्या. "काकी, तुम्ही सगळ्यांवर संशय घेता, हिच्यावर नाही घेत?"

"घेतला की! तिच्यावर घेतला, आता तुझ्यावर पन घेते. पोर दाखव."

सरळ वर गेली. फ्रॉक वर करून पोरीचं पोट बघितलं, कानामागे बघितलं. बारीक लाल पुरळ. "गोवर हाय हा. भगत नको, डॉक्टर आना, आनि बाकीची पोरं हिच्यापासनं लांब ठेवा." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जिना हळूहळू रिकामा झाला. माफी कुणी मागितली नाही, पण सतीशने भरायला काढलेली बॅग परत कपाटावर टाकली.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाडीही राहिली नाही. पण तिची आठवण निघाली की मला दिसते ती त्या प्रकारानंतरच्या पुढच्या चैत्रातली सकाळ.

कमलाने आईला आधीच कळवलं होतं, फुलं पाठवू नकोस. त्यांच्या त्या संक्रांतीला भाजी चिरत बसली होती. नऊच्या सुमाराला काकी दारात. "काय गो, माझा उंबरठा रिकामा का? मी मेले काय?"

"नहीं काकी... लोग डरते हैं."

काकी तरातरा परत गेली नि जास्वंदीने परडी भरून आली. "बर्फातलं नाय, कुंपनावरचं हाय. चालंल तुझ्या देवाला? मग ऊठ." आणि कमलाला पुढे घालून निघाली. प्रत्येक दाराची बेल स्वतः दाबायची. "दार उघडा! डोळ्यांनी बघून घ्या, कोन ठेवतं नि काय ठेवतं. मागाहून बोलायचं नाय!"

वरच्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. कमलाने खाली वाकून फूल ठेवलं. वहिनी आत गेल्या आणि वाटीभर तांदूळ घेऊन आल्या. वर गुळाचा खडा.

कमलाने हात पुढे केले. काकीने मधेच ती वाटी घेतली, तांदळातून बोट फिरवलं, आणि मगच तिच्या ओंजळीत ओतली.

"चांगले हायत. घे."