भुयारातली पोरं अन् कपाटाचं कुलूप

मित्रांनो, आज लई डोकं फिरलंय.

सुरतेहून सुट्टीवर सोनईला आलोय. वाचनालयात सत्तरच्या दशकातल्या किशोर कादंबऱ्यांचं प्रदर्शन हुतं. सातवीत माझी शाळा सुटली, तेव्हा त्यातली भुयारात अडकलेल्या पोरांची गोष्ट अर्धीच राहिली. म्हणून पळतच गेलो.

बघतो तर पुस्तकांना हार, हळद-कुंकू, पुढं उदबत्ती! ते भुयाराचं पुस्तक उचललं तर ग्रंथपाल अण्णा ओरडले, "ए, ठेव खाली! दुर्मिळ हायेत ती."

"अण्णा, पोरं सुटली का तेवढं बघू द्या की."

"फोटो काढ अन् नीघ."

उद्घाटनाला आलेले पाहुणे चहा पिऊन गेले, पुस्तकं परत कपाटात कुलूपबंद. उद्या माझी गाडी हाय.

पोरांसाठी लिहिलेली पुस्तकं कुणी वाचायचीच न्हाईत, नुसती पुजायची? तुमच्या गावात तरी कपाट उघडं असतं का?