वाढत्या अंगाचा लाल सूट

पहाटे साडेपाचला तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या घरातून निघालो तेव्हा माझ्या अंगात माझ्या मुलाची पँट होती. चौसष्ट वर्षांत मी साडी आणि पंजाबी ड्रेस यांच्यापलीकडे गेले नव्हते. आता आत लोकरीची विजार, तिच्यावर अमेयची बर्फात घालायची जाड पँट, वर सुनेचं जाकीट आणि कमरेला चिकटवलेला काइरो (पाकीट फोडलं की आपोआप गरम होणारी पुडी). लिफ्टच्या आरशात मी गुंडाळलेल्या गादीसारखी दिसत होते. फोटो आहेत, पण मागू नका.

अमेय, माझा मुलगा, तोक्योत सॉफ्टवेअरचं काम करतो. सून केतकी इथल्या एका पाळणाघरात अर्धवेळ नोकरी करते. नात इरा सहा वर्षांची, जपानी शाळेत पहिलीत. मी पुण्याहून पाच आठवड्यांसाठी आलेली. असे आम्ही चौघं रविवारी बर्फात घसरायला निघालो होतो. खरं म्हणजे पाच जणं. पाचव्या त्या वेळी नागपुरात आपल्या घरी गाढ झोपलेल्या होत्या. त्या माझ्या विहीणबाई, केतकीची आई, सुलभाताई.

मी इथे आले त्या दिवसापासून सुलभाताई माझ्या आधी सगळीकडे पोचलेल्या होत्या. फ्रिजवर त्यांचा निळ्या सुटातल्या इराबरोबर फोटो, डब्यांवर त्यांच्या अक्षरात मसाल्यांची नावं, खालच्या मजल्यावरच्या जपानी बाई मला बघून केतकीला विचारतात, "नागपूरच्या आजी बऱ्या आहेत ना?" इरा त्यांना नुसतं 'आजी' म्हणते आणि मला 'पुण्याची आजी'. त्या तीनदा येऊन गेल्या. मी नवऱ्याच्या आजारपणात अडकले होते, ते गेल्यावर पहिल्यांदाच निघाले. म्हणजे तक्रार कुणाबद्दल करायची तेही कळत नाही. पण मला हेवा वाटत होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता.

त्यात हा सूट. बर्फात जायचं तर मुलांना आतून मऊ, बाहेरून पाणी न शिरणारा असा जाकीट-पँटचा जोड लागतो. मागच्या हिवाळ्यात सुलभाताईंनी इराला एक घेऊन दिला होता. गडद निळा, त्यावर पिवळ्या चांदण्या. शुक्रवारी केतकीने तो काढून इराला घातला तर बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

"आई, तुम्ही बघता का जरा? काही सोडता येईल का यातून?" केतकीने सूट माझ्या मांडीवर ठेवला.

मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. शिवणीत पुढच्यासाठी राखलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो, आणि ती बोटांना कळते, डोळ्यांची गरज नाही. बाही उलटी केली मात्र, आत चांगली चार-पाच बोटं रुंद घडी दुमडलेली आणि तिच्यावर ठळक नारिंगी दोऱ्याची टीप. पँटच्या पायांतही तेच. तो दोरा मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवलेला होता, पोर वाढलं की उसवायला सोपा जावा म्हणून. किती शहाणपणाची शिवण. आणि किती शहाणपणाने घेतलेला सूट, तेही मनात आलं आणि झोंबलं.

"नाही गं," मी म्हणाले. "यात माया नाही. आपण नवीन घेऊ. माझ्याकडून."

माझ्याच विषयात मी खोटं बोलले. केतकी "बरं" म्हणाली आणि सूट घडी घालून घेऊन गेली.

शनिवारी आम्ही खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मी पहिल्याच रांगेत लाल सूट पाहिला, झळझळीत, निळ्याला झाकून टाकील असा. इथे मुलांच्या कपड्यांचे नंबर उंचीच्या सेंटिमीटरमध्ये असतात. इरा एकशे अठरा. दुकानातल्या मुलीने अदबीने एकशे वीस काढला, आणि का ते समजावायला बाही उलटी केली. आत नारिंगी टीप. तिने बोटांची कात्री करून दोरा कापल्याचं दाखवलं आणि बाही लांब ओढली. आता कळलं ना, अशा अर्थी ती हसली.

केतकी तिच्या शेजारी उभी होती. विषय लवकर संपावा म्हणून मी हात लांब करून एकशे चाळीसचा उचलला.

"हाच द्या. वाढत्या अंगाचा घेतलेला बरा."

"आई, फार मोठा होईल."

"अगं, पोरं काय वाढायची थांबतात? अमेयचे सगळे गणवेश मी असेच शिवले."

दुकानातली मुलगी काहीतरी म्हणत राहिली, केतकीने तिला हळूच थांबवलं. घरी आल्यावर इरा सूट घालून हात हलवत म्हणाली, "पुण्याची आजी, बुकाबुका आहे." बुकाबुका म्हणजे ढगळ. मी म्हटलं, तो हवेशीर आहे.

असो. तर रविवारी पहाटे लाल सूट निघाला. मेट्रोने ओतेमाची, तिथून जमिनीखालून चालत तोक्यो स्टेशन, आणि तिथून शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. लोक खांद्यावर लांब पिशव्या घेऊन इतक्या सहज चालले होते जणू भाजीला निघालेत. आमच्याकडे चार पाठपिशव्या, एक हातातली, एक बिस्किटांची. केतकीची पाठपिशवी सगळ्यांत फुगलेली. मी विचारलं तर म्हणाली, "जास्तीचे कपडे." गाडीत अमेयने कोनबिनीतून (चोवीस तास उघडं असणारं कोपऱ्यावरचं दुकान) आणलेले ओनिगिरी वाटले. मी संक्रांतीची गूळपोळी पुढे केली. इराने भाताचा त्रिकोण घेतला आणि गूळपोळीला "ओ-नाका इप्पाई" म्हणाली. पोट भरलंय. त्या त्रिकोणाचा एक घासही न खाता.

बर्फाचं पहिलं दर्शन मला गाडीतल्या संडासाबाहेर उभी असताना झालं. आत केतकी इराला एकेका थरातून सोडवत होती, जाकीट, पट्ट्याची पँट, लोकरीचा बनियन, त्याखालची विजार, आणि मी बाहेर ते सगळं हातावर झेलत होते. सहज दाराच्या काचेकडे नजर गेली तर बाहेर घरंच नव्हती, फक्त छपरांच्या आकाराचे पांढरे उंचवटे. मी कुणाला तरी "बघा बघा" म्हणणार होते, पण दोन्ही हातांत कपडे आणि भोवती कुणी नाही. मग एकटीनेच बघितलं.

एचिगो-युझावाला उतरून बस, आणि बसने एका लहानशा स्कीच्या ठिकाणी. बूट आणि स्की भाड्याने देणारी जागा म्हणजे एक मोठा, ओल्या मोज्यांच्या वासाचा हॉल. शेजारच्या बाकावर एक जपानी आई तीन मुलांना तयार करत होती. एक बसायचं, एक उभं राहायचं, एकाची चेन लागायची. तिचा आवाज एकदाही चढला नाही. आमच्याकडे एक मूल, तीन मोठी माणसं आणि एक हातमोजा हरवलेला. मी त्या बाईकडे अशी बघत होते की तिने दोनदा वाकून नमस्कार केला.

बूट देणारे आजोबा माझ्याच वयाचे असावेत. ते इरासमोर गुडघ्यावर बसले, बुटाचे खटके लावले, आणि लाल पँट बघून त्यांचा हात थांबला. कापड टाचेखाली गेलं होतं. "अबुनाई," ते म्हणाले. धोक्याचं आहे. मग माझ्याकडे बघून, "मागो-सान?" म्हणजे नात का. मी मान डोलावली. त्यांनी पँटचे पाय वर दुमडून रबराच्या पट्ट्या लावल्या. इरा अगदी शहाण्यासारखी उभी राहिली. माझ्यासमोर कधी राहत नाही.

रबरं वीस पावलं टिकली. मुलांच्या भागात एक सरकता पट्टा होता, त्याच्यावर उभं राहिलं की तो चढावर नेऊन सोडतो, मग खाली घसरत यायचं. इरा तिथपर्यंत पोचलीच नाही. पँटचा पाय बुटाखाली आला, ती आपटली, उठताना पुन्हा आपटली. बाह्या हातमोज्यांवरून पुढे गेल्या आणि त्यांतून बर्फ आत. गळा एवढा मोठा की तिथूनही आत. वीस मिनिटांत ती बर्फात फतकल मारून रडत होती. "त्सुमेताई, त्सुमेताई," गार लागतंय, गार लागतंय. बाकी मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी घसरत जात होती. वर्षभर ज्या दिवसाची तिने वाट पाहिली तो मी तिच्या अंगावर चढवलेल्या कपड्यात संपत चालला होता.

अमेयने तिला उचलून आत आणलं. लाल जाकीट पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. केतकीने आपली फुगलेली पाठपिशवी उघडली आणि निळा सूट काढला.

बाह्या लांब होत्या. जुन्या घडीची फिकट रेघ कापडावर होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सुईची भोकं. दोऱ्याचे बारीक नारिंगी तुकडे एका ठिकाणी राहिले होते. टीप उसवली होती सवय नसलेल्या हाताने, बहुधा नखं कापायच्या कात्रीने.

"तुम्ही घाला तिला, आई," ती म्हणाली. "मी गरम कोको आणते."

मी घातला. कॉलरच्या आत नावासाठी पांढरी पट्टी असते, तिच्यावर सुलभाताईंच्या अक्षरात 'इरा' होतं, देवनागरीत. बाही मनगटावर बरोबर बसली. पँटचा पाय बुटावर बरोबर बसला. मला त्याचा राग आला, आणि रागाची लाज वाटली, दोन्ही एकदमच. इराने हात वर-खाली करून पाहिले आणि रडणं विसरली.

कोको पिऊन ती अमेयबरोबर पळाली. केतकी आणि मी बाहेर पट्ट्याजवळच्या बाकावर बसलो.

"केतकी, मला दोरा दिसला होता. शुक्रवारीच."

"माहितीये."

"मग बोलली का नाहीस?"

ती पट्ट्याकडेच बघत होती. "दुकानात तुम्ही तो लाल सूट असा धरला होतात... राहू दे म्हटलं. आणि खरं सांगू? तुमच्या जागी माझी आई असती ना, तिने एकशे पन्नासचा घेतला असता."

मला हसू आलं, तिलाही. पण हसून झाल्यावर ती हलकेच म्हणाली, "इराला ताप आला असता तर मात्र मी बोलले असते, आई." मी म्हटलं, "बोलायलाच हवं होतंस." एवढंच. पण ते वाक्य मी अजून बरोबर घेऊन हिंडते आहे.

तोवर इरा वर पोचली होती. ती घसरायला लागली, पहिले दहा फूट छान, मग पाय फाकले आणि कुशीवर पडली. मी बाकावरून उठले. अमेयच्या पँटमध्ये बर्फातून धावणं म्हणजे पोत्यांची शर्यत. चार पावलं गेले तोवर ती उठून पुन्हा निघालीसुद्धा होती. पुढच्या वेळी पडली तेव्हा मी अर्धीच उठले. मग बसूनच राहिले. ती पडत होती, हाताने बर्फ झटकत होती, जात होती. तोंड सगळा वेळ उताराच्या दिशेला.

जेवायला कँटीनमध्ये अमेयने करी-भात घेतला, त्यात मांस होतं, म्हणून आम्ही दोघींनी तिखटमिठाच्या पुऱ्या रुमालाखाली लपवून खाल्ल्या. इराने उभ्या उभ्या तीन पुऱ्या संपवल्या आणि पुन्हा बाहेर. साडेतीनला तिला ओढून आणावं लागलं. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली आणि झोपताना बापाच्या मांडीवर कलंडली. मी लाल सूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पायाशी ठेवला होता.

घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते, म्हणजे नागपुरात दुपारचे साडेतीन. इराला अंथरुणावर टाकल्यावर केतकी फोन लावायला निघाली, मी म्हटलं, मला दे. इथे आल्यापासून मी विहीणबाईंना आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"सूट छान बसला हो," मी म्हणाले. "बाह्या उसवल्या, अगदी मापात."

"हो का?" त्या म्हणाल्या. आणि मग, "मी तिला त्या सुटात फक्त बाल्कनीत पाहिलंय. मागच्या वेळी जायचं ठरलं आणि पोरगी तापाने फणफणली. मग माझ्या परतीच्या तिकिटाची तारीख आली. तुमचं नशीब हो. तुम्ही बघितलीत."

फ्रिजवरचा फोटो मी रोज बघत होते. त्यात मागे बाल्कनीचे गज आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं. आता मोठ्या मनाचं काहीतरी वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. सुलभाताईंना माझा हेवा वाटत होता. त्यांच्या आवाजातला तो कंप मी बरोबर ओळखला, तो मला पाठ आहे.

"सांगा ना सगळं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. छपरांवरचा बर्फ, बुटाचे आजोबा, सरकता पट्टा. लाल सूट सांगितला, एकशे चाळीस नंबरही सांगितला, आणि दोरा दिसूनही मी नाही म्हटलं होतं, तेही. त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

"उतारावरून घसरताना पडली का हो?"

"पडली. सात-आठ वेळा."

"मग कुणाला हाक मारली तिने?"

'मला' हा शब्द जिभेवर तयार होता. केतकी स्वयंपाकघरात होती, अमेय अंघोळीला. पडताळून बघणारं कुणी नव्हतं.

"कुणालाच नाही, सुलभाताई. पडली की आपली आपण उठायची आणि जायची."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

सांगायचं सगळं सांगून झालं होतं. पण फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.