अंगदकाकांची ॲपल बोरं

जामखेडकडच्या आमच्या गावात स्वतःला बागायतदार म्हणवून घेणारे अंगदराव हे माझे चुलते. आमच्या माळावर बोर कुणी न लावताही येते, म्हणूनच बागायतदाराला तिचा राग. बांधावर एक गावठी बोर होती. बायाबापड्या येता-जाता ओटी भरून न्यायच्या. काकांनी ती जेसीबी लावून मुळासकट उपटली आणि कलमी ॲपल बोर लावली. अंड्याएवढं फळ, हिरवंगार, चकचकीत. फोटो काढावा असं दिसायचं आणि काका फोटोच काढत बसायचे. खाल्लं की मात्र ना गोडी ना आंबटपणा, तोंडात नुसतं पाणी.

सुनेचं, रेश्माचं, माहेर श्रीरामपूरकडचं. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस पिकवणारी माणसं. लग्नात आमचा कोरडा माळ बघून त्यांनी नाक मुरडलं होतं आणि ते काकांना अजून सलत होतं. आता नातवाच्या बोरन्हाणाला विहीणबाई येणार होत्या. त्यांच्या तोंडून बागेचं एकदा कौतुक ऐकायचं, याच एका आशेवर काका संक्रांतीपासून तरंगत होते.

"बाजारातून बारीक बोरं आना. लेकराच्या डोक्यावर वतायचीत," रंगुबाईकाकू म्हणाल्या.

"बागायतदार बोरं इकत आनतो व्हय? लोक हसत्याल."

बोरन्हाण हे बायकांचं काम. चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चॉकलेटं, बोरं, सगळं ओंजळीनं हळूच सोडायचं. काका मध्येच घुसले आणि त्यांनी आपल्या ॲपल बोरांचं अख्खं पातेलं उपडं केलं. हलव्याचा मुकुट पोराच्या कानावर आला, कपाळावर टेंगूळ आलं आणि पोरानं भोकाड पसरलं. जमलेल्या पोरांनी चॉकलेटं वेचली, करवे वेचले, चुरमुरेसुद्धा सोडले नाहीत. बोरं मात्र तिथंच लोळत राहिली. मला हसू आवरेना आणि खरं सांगतो, काकांची जराही कीव आली नाही.

नातवाचं कपाळ चोळत विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, ही खायची असत्यात का नुसती मारायची?"

काकांनी एक बोर उचललं आणि सगळ्यांसमोर कचाकचा खाल्लं. "साखर हाय नुसती."

काकूंनी खाली पडलेली बोरं गोळा करून पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं. "मग आनखी एक खावा."

काकांना दिवसाउजेडी एकदम शेतातली मोटार चालू करायची आठवण झाली. त्या आठवड्यात शेतीची लाईट फक्त रात्रीची होती, हे विहीणबाई सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण काकू उठल्या आणि त्यांनी तेही विहीणबाईंना सांगून टाकलं.