मडक्यात ताक होतं

मला कॉलेजच्या व्हरांड्यात चटईवर बसवलं आणि पुढ्यात मडकं ठेवलं. मडक्यात ताक होतं. पाणी घालून पातळ केलेलं, शिंदीसारखं दिसावं म्हणून. खरी शिंदी कॉलेजात कशी आणायची, म्हणाले. मागं पाटी लावली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'नीरा'. चौथी शिकलेय मी, पाटी वाचता येते मला. आयुष्यभर शिंदी विकली, आंबलेली, चढणारी. न आंबलेली गोड नीरा कधी विकली नाही.

विभागप्रमुख सर आले. माझ्या पोरीचे वरिष्ठ. पदर जरा पुढं ओढा म्हणाले, फोटो चांगला येतो. मग म्हणाले, "आजी, तुम्ही फक्त हसायचं. बोलायचं काही नाही."

मी हसले. माझ्या दातांची गत बघून ते म्हणाले, तोंड मिटून हसा.

धर्माबादच्या बाजूला आमचं गाव. नवरा शिंदीच्या झाडांवर चढायचा, मी रस्त्याकडेला बसून विकायची. धंदा परवान्याचा होता, चोरीचा नव्हता. तरी ज्यांचे बाप माझ्याकडून पिऊन तोंड पुसत घरी जायचे, तीच पोरं माझ्या रेणुकाला शाळेच्या वाटेवर 'ए शिंदी' म्हणून हाक मारायची. ती रडत यायची. मी जवळ घेतलं नाही. उद्या परत जायचं, एवढंच म्हटलं. ती गेली. लातूरला शिकली, नांदेडला डॉक्टर झाली. सुई टोचायची डॉक्टर नाही. अभ्यासाची.

तिचा अभ्यास यीस्टचा. पाव फुगवतं, शिंदी आंबवतं, ते. नुसत्या डोळ्याला न दिसणारा जीव. एकदा लसूण सोलता सोलता मी विचारलं, एवढी वर्षं त्यात काय बघून राहिलीस? ती म्हणाली, आई, त्याला साखर कळते कशी, ते बघते. त्याच्या अंगावर दारासारखं काहीतरी असतं, पण त्यातून साखर आत जात नाही. ते फक्त आत निरोप देतं, बाहेर साखर आलीय म्हणून. तशी दोन असतात. एक थोड्या साखरेला ओळखतं, दुसरं रग्गड साखरेला. निरोप गेला की आत जनुकाला दाबून बसलेला पहारेकरी उठतो, आणि मग साखर आत घ्यायची खरी दारं तयार होतात. साखर नसताना दारं करत बसणं त्या जीवाला परवडत नाही.

मला सगळं कळलं असं नाही. पण बोलताना मी तिचं तोंड बघितलं. बाकी कशाबद्दल ती अशी बोलत नाही.

अभ्यासाचं यीस्ट वेगळं काढायला माझ्याच मडक्यातली शिंदी तिनं बाटलीत भरून नेली होती. सरांना मला बसवायची कल्पना तिथूनच सुचली.

एवढं शिकून रेणुका तासांवर. जितके तास शिकवील तितकाच पगार, सुट्टीत तोही नाही. दरवर्षी 'यंदा बघू'. आता कॉलेज तपासायला समिती येणार होती. सर तिला म्हणाले, समिती खूश झाली की तुझ्या कायमच्या जागेचं नक्की करतो, आईलाही घेऊन ये. म्हणून मी बसले. नाहीतर माझ्या गुडघ्यांना चटई सोसत नाही.

आणि रेणुका कुठं? प्रयोगशाळेत नाही. तिला खाली फाटकात रांगोळी काढायला पाठवलं होतं. तिचा हात चांगला आहे म्हणे.

समिती आली. दोन पुरुष, एक बाई. बाईंनी वाकून मडक्यात बघितलं आणि मला विचारलं, ही आंबायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं तर सर मध्येच बोलले. "त्यांना विशेष काही सांगता येणार नाही. अशिक्षित आहेत."

मग स्वतः सुरू झाले. माझ्या संशोधनात असं दिसलं, तसं दिसलं. दारासारखं असतं, पण त्यातून साखर आत जात नाही. एक थोड्या साखरेला ओळखतं, दुसरं रग्गड साखरेला. वाक्य न् वाक्य माझ्या पोरीचं. 'रग्गड'सुद्धा तिचंच.

मी हात टेकून उठले. उठायला वेळ लागला. तेवढा वेळ सगळे बघत राहिले.

"बाई, ह्ये ताक हाय. शिंदी न्हाई. आन् ह्यो अभ्यास ह्या सरांचा न्हाई, माझ्या पोरीचा हाय. ती खाली रांगोळी काढून राहिली."

सर म्हणाले, वय झालंय त्यांचं. बाई म्हणाल्या, मुलीला बोलवा.

रेणुका आली. बोटं लाल-पिवळी. बाईंनी सरळ विचारलं, हे काम तुमचं आहे का? तिनं सरांकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

"सरांचंच आहे," ती म्हणाली. "मी मदत केली."

समिती पुढच्या खोलीत गेली.

परतीच्या एसटीत ती माझ्यावर तुटून पडली. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? गेली माझी जागा."

"जागा मी घालवली असंल," मी म्हटलं. "अभ्यास तू घालवलास."



जागा निघाली आणि सरांच्या भाच्याला मिळाली. समिती यायच्या आधीच ती त्याची ठरली होती, हे शिपायानं रेणुकाला नंतर सांगितलं. म्हणजे तिनं स्वतःचं काम नाकारलं ते फुकट गेलं. ती अजून तासांवरच आहे. सकाळी त्याच सरांना नमस्कार करते, त्या भाच्याला यंत्रं शिकवते. मी तिला सोड म्हणत नाही. सोडून जाईल कुठं? यीस्ट घरात वाढेल, पण ते बघायची यंत्रं घरात येत नाहीत. ही तिची अडचण सरांना मालूम आहे, म्हणूनच ते तिला तासांवर ठेवतात.

भावकीतले विचारतात, म्हातारे, तुझ्या बोलण्यानं काय झालं? काही झालं नाही. खरंय.

परवा सरांनी रेणुकाकडं निरोप दिला. माझा फोटो म्हणे अहवालात फार छान आला. झालं गेलं विसरून विज्ञान दिनाला आजींना परत आणा, बाहेरचे पाहुणे आहेत. रेणुकानं खाली मान घालून सांगितलं. तू येऊ नकोस, असंही म्हणाली.

मी येणार, म्हटलं. मडक्यामागं बसायला नाही. जो पाहुणा असेल, त्याच्यासमोर उभी राहून सांगणार, हे काम कुणाचं आहे ते.

"आई, ते काम माझं न्हाईच, असं मी पुन्हा म्हणणार."

"म्हण," मी म्हटलं. "तुझ्या तोंडावर सांगीन. दर वर्षी येऊन सांगीन."