मामाजींच्या डोळ्यांचं माप

चष्म्याच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्याचा नंबर, जवळचा, लांबचा. फक्त दोन बाहुल्यांमधलं अंतर तेवढं नव्हतं, आणि त्यावाचून मोबाईलवरची मागणी पुढे सरकेना. माझी ननंद पुण्याहून फोनवर म्हणाली, "वहिनी, तू तं शिलाई करते. पट्टी घे अन् बाबाचं माप घेऊन टाक. दोन मिनिटाचं काम हाय."

दोन मिनिटाचं! ती लेक, तिला काय जातंय बोलायला. मी सून. चिखलीकडच्या आमच्या खेड्यात मी गावभरच्या बायकांच्या पोलक्यांची मापं घेत होते, पण सासऱ्यांच्या तोंडाकडे लग्न झाल्यापासून नीट पाहिलं नव्हतं. मामाजी उंबऱ्याशी आले की खाकरायचे, मी पदर पुढे ओढायचे. त्यांनीही कधी मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही बोलायचो ते चुलीकडे नाहीतर भिंतीकडे बघून. त्यात राग नव्हता, रीत होती.

चष्मा मात्र हवाच होता. आदल्या साली कपाशी फवारताना माझ्या मालकांना विष लागलं आणि ते गेले. बीटी कपाशी आली तेव्हा जो तो सांगायचा, आता बोंडअळीची कटकट मिटली, फवारे कमी. कशाची मिटते! काही वर्षांत गुलाबी अळी आली ती थेट बोंडात जाऊन बसली, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. हे गेल्यावर आमच्या वावरात फवारायला मजूर धजेनात. मी पंप घेते म्हटलं तर मामाजी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "त्या औषधाले तू हात लावाचा नाई, बाई. माह्या जित्तेपणी तं नाईच." म्हणजे औषध टोपणात मोजून ओतणार ते, आणि टोपणावरच्या बारक्या रेघा तर त्यांना दिसत नव्हत्या. त्या औषधाच्या डब्यापायी घरातलं आणखी एक माणूस जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

ननंदेनं सगळं समजावलं होतं. समोरासमोर, एका उंचीवर, हातभर अंतरावर बसायचं. पट्टी त्यांच्या कपाळाला टेकवायची. आपला उजवा डोळा मिटायचा, त्यांनी आपल्या उघड्या डाव्या डोळ्यात बघायचं, आणि शून्य त्यांच्या बाहुलीच्या मधोमध आणायचा. मग पट्टी न हलवता आपला दुसरा डोळा उघडून हा मिटायचा, त्यांनी त्यात बघायचं, आणि दुसऱ्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. अगं माय! सासऱ्यासमोर बसून डोळे मिचकावायचे म्हणजे!

मामाजी ओट्यावर बसले. मी एका हातानं पदर धरून बाजूनंच पट्टी लावली. "समोर पाहा, मामाजी," म्हटलं, तर त्यांनी डोळेच मिटून घेतले. उघडा म्हटलं तर उघडले आणि जमिनीला लावले. मी तिरप्या नजरेनं बाहुल्या कुठे असतील ते हेरलं, एक आकडा धरला आणि फोनवर सांगून मोकळी झाले.

चष्मा आला. मामाजींनी घातला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेस हाय." माझा जीव भांड्यात पडला.

फवारणीच्या दिवशी सकाळी मी पाण्याची कळशी घेऊन वावरात गेले. धुऱ्याच्या बांधावर मामाजी पाठमोरे बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला. टोपणात नख बुडवून ते औषधाची रेघ चाचपत होते. उघड्या बोटानं, त्या विषात.

माझं डोकंच फिरलं. टोपण हिसकावून फेकलं, त्यांचा हात धरला आणि अख्खी कळशी त्यावर ओतली. "चष्मा काऊन नाई घातला?" मी ओरडले. सासऱ्यांवर, आयुष्यात पहिल्यांदा.

"त्यानं दोन-दोन दिसते, बाई. डोकं ठणकते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

ते मातीकडे बघत म्हणाले, "माप तू घेतलं होतं. चुकलं म्हणलं असतं तं तुले पुन्हा माह्यासमोर बसा लागलं असतं."

मला संताप आला आणि रडूही आलं. माझा संकोच वाचवायला हा माणूस विषात बोट घालत होता. कसली ही रीत, आणि कोणाच्या कामाची!

त्या दिवशी फवारा झाला नाही. घरी आल्यावर मी डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, अंगणात उजेडात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि म्हटलं, "बसा, मामाजी. लेक हाय मी तुमची. माह्या डोळ्यात पाहा."

त्यांची नजर वर आली, घसरली, पुन्हा आली. मी उजवा डोळा मिटला, पट्टी टेकवली. आता ते बघत होते. बराच वेळ बघत होते.

"तुहे डोळे घारे हायेत," ते म्हणाले.

"हाव."

"पोरगा सांगे मले, तुमचं लग्न जुळलं तवा. म्हणे, बाबा, तिचे डोळे घारे हायेत. म्या म्हणलं, असतील बाप्पा. पाह्यलेच नाई कधी."

पट्टीवरचे आकडे मला दिसेनासे झाले. सवयीनं मी तोंड फिरवायला गेले.

"फिरू नको, बाई," मामाजी म्हणाले. त्यांच्याही गालांवर पाणी आलं होतं, पण नजर हलली नव्हती. "घे माप. म्या पाहून राह्यलो."