डावं बटण

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आईलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय — आणि सांगतानासुद्धा आधी दुसरंच काहीतरी बोलावंसं वाटतंय, यावरून काय ते ओळखा.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हिवाळ्याची सुट्टी चांगली महिनाभराची. मित्रांचं गोव्याचं ठरलं होतं. पप्पांचं वेगळंच — अंबडला आमचं पत्र्याचे पार्ट बनवायचं छोटं वर्कशॉप, तिथं ऑर्डर अडकलेली. "आधी माल निघू दे, मग कुठं उलथायचं तिथं उलथ." माझं डोकं सणकलं. त्यांच्याच जिवावर शिकत होतो आणि त्यांचाच राग राग करत होतो.

प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण त्यात वेळ जातो. एक चोरटी युक्ती सगळ्यांना माहीत होती, पप्पांनी बघितली असती तर हाकलूनच दिलं असतं — डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसायची. ते दाबलेलंच राहतं. मग एका हातानं पत्रा सरकवा, दुसऱ्यानं उजवं बटण. मी खुपसली. कशासाठी? गोव्यासाठी.

मित्राचा फोन आला, मी बाहेर गेलो. संदीपदादा — माझा चुलतभाऊ, निफाडहून आमच्याकडे कामाला आलेला, मला सायकल शिकवणारा — माझ्या जागी उभा राहिला. पुठ्ठा त्याला दिसला नाही. डाव्या हातानं तो वाकडा पत्रा सरळ करायला गेला आणि उजवा हात सवयीनं बटणावर पडला.

किंकाळी ऐकून मी आत धावलो. आणि — इथंच मी दरवेळी अडखळतो — आधी त्याच्याकडे गेलो नाही. तो मनगट आवळून गुडघ्यांवर बसला होता. त्याची तीन बोटं पत्र्याला चिकटून चपटी झालेली. रक्त मशीनवरून माझ्या बुटांवर गळत होतं. मी त्याच्या डोक्यावरून हात लांब केला, पुठ्ठा उपटला, खिशात कोंबला. मग "दादा, दादा" ओरडलो.

पप्पा आले. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही — त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. रक्तबंबाळ माणसाच्या. "बोटं घालायची जागा आहे का ती?"

"डावं कोपर लागलं असंल बटणाला, काका," दादा म्हणाला. "माझीच चूक हाय."

आणि मी काय केलं? टॉवेल आणला. शहाण्यासारखा.

थोड्या दिवसांनी पप्पाच म्हणाले, तूही घाबरलायस, जा, फिरून ये. गेलो. समुद्रात पोहलो. मजा आली — खोटं कशाला बोलू?

आता वर्कशॉप मी बघतो. दादा पॅकिंगला असतो. नवा माणूस कामाला लागला की तो स्वतःहून त्याला प्रेसपाशी नेतो, डावा पंजा त्याच्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, "माझ्यासारखा गाफील राहू नको." परवा असाच एकाला सांगत होता. दोन बटणं असताना बोटं सापडतात हे त्या माणसाला खरं वाटेना, तो हसला. दादानं मला हाक मारली.

"सांग रे याला. तू होता ना तिथं."

मी गेलो. दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," मी म्हणालो. "दादाचीच चूक होती."