घसरत्या रेषेचा खुलासा

लंडनच्या एका संग्रहालयात पुढच्या वर्षी गर्दी वाढेल, अशी लेखी हमी मी जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात बसून दिलेली आहे. इंग्रजीत. तीही मुलीच्या नावानं!

गुन्हा कबूल आहे. पण आधी कैफियत ऐका. आमची सुजाता नर्स. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी मिळायची तर तिला इंग्रजीची एक परीक्षा पास व्हायची होती. त्या परीक्षेत एक आलेख देतात आणि त्यात काय दिसतं ते वीस मिनिटांत इंग्रजीत लिहायला लावतात. मी सरकारी शाळेत मास्तर, शाळेच्या भिंतीवर आलेख काढण्यात हयात गेलेली. घरात विहीर असताना पोरीनं टँकर कशाला मागवावा? बसलो शेजारी.

पहिल्या सरावाला कुठल्याशा देशातल्या चहाचा आलेख होता. रेषा सरळ खाली. सुजातानं लिहिलं, चहा पिणं निम्म्यावर आलं.

मी दचकलो. "सुजे, असं उघडं लिहीत असतात का? साहेब काय म्हणतील?"

"कोणते साहेब, पप्पा?"

"कोणतेही. साहेब असतातच!"

आमच्याकडे शाळेत हजेरीची रेषा खाली आली की साहेबांना खुलासा द्यावा लागतो. घट का झाली, उपाय काय केले, पुढच्या वर्षी किती वाढवणार. (म्हणून शहाणा मास्तर रेषा खाली येऊच देत नाही.)

"पप्पा, कारण लिहिलं की मार्क कापतात. दिसतं तेवढंच लिहायचं."

"कारणच न्हाई? मंग त्या रेषेला वाली कोण?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तिचं तिला करू द्या. तुमच्या इंग्रजीनं तुम्हाला जालन्याच्या पुढं कधी नेलं?"

हा घाव जिव्हारी लागला. आता तर माघार बिलकुल नाही!

पुढच्या आठवड्यात सुजाताच्या इंग्रजीच्या क्लासची ऑनलाइन सराव परीक्षा होती. सरांनी बजावलं होतं, यात पास होईल त्यालाच खऱ्या परीक्षेला बसवतो. सुजातानं लंडनच्या त्या संग्रहालयातल्या गर्दीचा आलेख फटाफट लिहून काढला आणि तेवढ्यात दवाखान्यातून तिला फोन आला. ती अंगणात गेली. लॅपटॉप उघडा. सहा मिनिटं शिल्लक. आणि पडद्यावर ती घसरलेली रेषा, बिचारी, बिनखुलाशाची!

मी खुर्चीत बसलो. 'लग्नसराई, शेतीची कामे व रस्त्याचे चालू काम यामुळे संग्रहालयात लोक कमी आले. गृहभेटी देऊन उपस्थिती वाढवली जाईल. पुढील वर्षी वाढ होईल याची हमी देण्यात येत आहे. सविनय सादर.' असं सगळं इंग्रजीत टाइप केलं आणि बटण दाबलं. इतकं समाधान मला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. स्पीकरवर. "सुजाता मॅडम, लंडनमधी गृहभेटी तुम्ही स्वतः देणार का?"

नापास!

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, आता तुमच्या शाळेच्या भिंतीवरचा आलेख सांगा. दिसतो तसा."

दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापासंगं ऊसतोडीला जातात. भिंतीवर मात्र हजेरीची रेषा पतंगासारखी वर. ती कुणी चढवली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी मीच सरांना फोन करून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "पुन्हा परीक्षा घेतो. पण गुरुजी, तुम्ही घराबाहेर पाहिजेत." पूर्ण वेळ रस्त्यावर उभा राहिलो. सुजाता ती परीक्षा पास झाली, खरीही पास झाली आणि गेली परदेशी.

मी शाळेत गेलो, जुना आलेख पुसला आणि खरा काढला. दिवाळीनंतर रेषा धबकन खाली. तपासणीला साहेब आले, भिंतीसमोर थबकले.

"गुरुजी, रेषा पडून राह्यली की!"

"पडलीच हाय, साहेब. दिसतं तेवढंच काढलं."

"अन् कारण?"

"कारण ऊस तोडायला गेलंय."

"वर घ्या ती."

"पोरं आल्यावर घेतो. आधी न्हाई!"

नोकरीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज वर्गाबाहेर गेला. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मागू द्या! मी एक पानभर बाणेदार खुलासा लिहिला. शब्दाशब्दाला ताठ कणा. ऐट म्हणून फोटो काढून सुजाताला पाठवला.

तिचं लगेच उत्तर आलं. "पप्पा, एकदम झकास! फक्त शेवटची ओळ खोडा. पुढच्या वर्षी वाढ होईल याची हमी तुम्हाला कुणीच मागितली न्हाई."